पदवीचा पहिला संशोधन प्रकल्प : प्रश्नापासून अहवालापर्यंत

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या पदवी विद्यार्थ्याला आता पुस्तकाबाहेर जाऊन माहिती गोळा करावीच लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना श्रेयांक आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी परिसरातील महाविद्यालये २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. प्रकल्पाची वेळ आली की प्रश्न दरवर्षी तेच असतात: विषय कोणता घ्यावा, किती जणांना विचारावे, परवानगी कोणाची लागते, जमवलेल्या माहितीचे पुढे काय करावे. त्यांची उत्तरे कामाच्या क्रमाने पुढे दिली आहेत.

१. प्रकल्प कोणत्या चौकटीतला, ते आधी पाहा

- क्षेत्र प्रकल्प किंवा समुदाय सहभाग: हे एका सत्राचे काम. एक गाव, एक शाळा किंवा एक आठवडी बाजार एवढा आवाका पुरतो. श्रेयांक, तास आणि अहवालाचा नमुना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दिलेला असतो. तो काम सुरू होण्याआधी मार्गदर्शक शिक्षकांकडून मागून घ्यावा.
- चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण असणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प असतो. चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असल्यास पदव्युत्तर पदवीशिवाय थेट पीएच.डी. प्रवेशासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती व इतर पात्र प्रवर्गांना यात ५ टक्क्यांची सवलत आहे.
- आविष्कार: राज्यातील विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा २००६-०७ पासून भरते. पदवी विद्यार्थ्यांचा त्यात स्वतंत्र स्तर आहे. भित्तिपत्रक आणि तोंडी सादरीकरण यांवर परीक्षण होते. क्षेत्र प्रकल्प चांगला झाला असेल, तर तोच नीट मांडून येथे नेता येतो.

२. विषयावर थांबू नका, प्रश्नापर्यंत या

'आदिवासींचे जीवन', 'महिला सक्षमीकरण', 'ग्रामीण शिक्षणाच्या समस्या' यांपैकी कोणताही विषय एका सत्रात हाती लागत नाही. असे शीर्षक घेतले की अहवालाची निम्मी पाने इतरांच्या पुस्तकांतून भरली जातात. विषयाला गाव, काळ आणि मोजता किंवा पाहता येईल अशी एक गोष्ट जोडली की त्याचा प्रश्न होतो. अहेरी परिसरातली काही उदाहरणे:

- 'स्थलांतर' ऐवजी: मिरची तोडणीसाठी तेलंगणात गेलेल्या कुटुंबांची मुले त्या आठवड्यांत कोणाकडे राहतात आणि शाळेत येतात का?
- 'आदिवासी भाषा' ऐवजी: आठवडी बाजारात विक्रेता आणि गिऱ्हाईक भाव कोणत्या भाषेत करतात: मराठी, तेलुगू, गोंडी की माडिया?
- 'शिष्यवृत्ती योजना' ऐवजी: एका वर्गातील विद्यार्थ्यांचे ऑनलाइन अर्ज नेमके कोणत्या टप्प्यावर अडतात?
- 'व्यसनाधीनता' ऐवजी: महाविद्यालयीन तरुणांनी पहिला खर्रा कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या वयात खाल्ला?
- 'पेसा कायदा' ऐवजी: गेल्या वर्षभरातील ग्रामसभांना किती स्त्रिया हजर होत्या आणि त्यांच्यापैकी किती जणी बोलल्या?

प्रश्न लहान असला म्हणून निष्कर्ष लहान ठरत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील केवळ दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे दाखवले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या या अभ्यासाने ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे केवळ बाळंतपणापुरते पाहण्याची रीत प्रश्नांकित केली. ते काम तज्ज्ञ डॉक्टरांचे होते, पदवी विद्यार्थ्याने तपासण्यांच्या वाटेला जाऊ नये. मोजक्या गावांत एकच स्पष्ट प्रश्न नेटाने विचारणे मात्र त्यालाही जमते.

प्रश्न पक्का करण्यापूर्वी हे तपासावे:

- उत्तर देऊ शकणारी माणसे एस.टी.ने किंवा दुचाकीने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत का?
- उत्तर दिल्याने कोणी अडचणीत येईल का? पोलीस, नक्षलवाद, जमिनीचे वाद, खाणीला असलेला विरोध किंवा पाठिंबा हे विषय पहिल्या प्रकल्पासाठी घेऊ नयेत. वहीतील एक नावसुद्धा त्या माणसाला महागात पडू शकते.
- उत्तर आधीच ठरलेले नाही ना? ज्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे निघूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नव्हे.

३. आधीची माहिती कुठे मिळते

गावात जाण्यापूर्वी उपलब्ध आकडे पाहिले, तर लोकांचा वेळ वाचतो.

- जनगणना २०११: गावनिहाय लोकसंख्या, साक्षरता, काम करणाऱ्यांची वर्गवारी. गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १०,७२,९४२ होती. २०२१ ची जनगणना वेळेवर न झाल्याने हे आकडे जुने आहेत. वापरताना वर्ष लिहावेच.
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, पाचवी फेरी (२०१९-२१): जिल्ह्याचे आरोग्य व पोषणाचे आकडे. यातून तालुक्याचा किंवा गावाचा आकडा निघत नाही.
- जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन: अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे प्रकाशन, शाळा, रस्ते, सिंचन, बँका यांचे तक्ते.
- ग्रामपंचायत, शाळा व अंगणवाडीची दप्तरे: ही पाहण्यासाठी महाविद्यालयाचे पत्र सोबत न्यावे.
- माहितीचा अधिकार: २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची असल्याने अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्यावा.

४. पद्धत प्रश्नावरून ठरवा

प्रश्नावली ही एकमेव पद्धत नव्हे. 'किती' आणि 'कितीदा' यांचे उत्तर हवे असेल तर प्रश्नावली घ्यावी. 'का' आणि 'कसे' यांच्यासाठी सविस्तर मुलाखत लागते. लोक सांगतात एक आणि करतात दुसरे, अशी शंका असेल तिथे निरीक्षण उपयोगी पडते. बाजारात कोणती भाषा चालते हे विचारण्यापेक्षा ठरावीक दुकानांजवळ ठरावीक वेळ थांबून नोंदी करणे अधिक खात्रीचे.

किती जण घ्यावेत? जादूचा आकडा नाही. एका विद्यार्थ्याला एका सत्रात ३० ते ५० कुटुंबांची प्रश्नावली किंवा ८ ते १२ सविस्तर मुलाखती झेपतात. संख्येपेक्षा निवडीची रीत महत्त्वाची. दक्षिण गडचिरोलीतील अनेक गावे टोल्यांत विखुरलेली असतात. डांबरी रस्त्यालगतच्या टोल्यातच प्रश्नावल्या भरल्या, तर वीज, शाळा आणि नेटवर्क जवळ असलेल्यांचीच उत्तरे मिळतात. म्हणून आधी सर्व टोल्यांतील घरांची यादी करावी, क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या टाकून किंवा दर चौथे घर घेऊन निवड करावी. दार बंद असेल तर दुसऱ्या वेळी पुन्हा जावे, शेजारचे घर घेऊ नये. बंद घर हे बहुधा मजुरीला गेलेल्यांचे असते आणि तेच वगळले जाते.

केव्हा जावे? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये धानाची कापणी-मळणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि त्यानंतर तेंदूपानाचा हंगाम, यांत कोणालाही बसून बोलायला सवड नसते. सम सत्रातील प्रकल्पासाठी जानेवारी-फेब्रुवारी सोयीचे. मिरची तोडणीला गेलेली माणसे मात्र तेव्हा गावात नसतात, हे निवड करताना ध्यानात ठेवावे. हंगामाविषयीचाच प्रश्न असेल, तर हंगामातच जावे, पण निरीक्षणावर भर ठेवून.

५. विचारण्याची रीत

- सवयीबद्दल नव्हे, कालच्याबद्दल विचारा. 'मच्छरदाणी वापरता का?' याला 'हो' असेच उत्तर येते. 'काल रात्री घरात किती जण झोपले आणि त्यांतले किती मच्छरदाणीत?' याला आकडा येतो.
- वार्षिक उत्पन्न थेट विचारू नका. किती पायल्या मोहफूल विकले, किती पुडे तेंदू तोडला, किती दिवस मजुरी मिळाली, असे तुकड्यांनी विचारून बेरीज आपण करावी. राज्यात तेंदूचा पुडा ७० पानांचा धरला जातो, तरीही गावातली मोजणी विचारून घ्यावी.
- वय आठवत नसेल तर पूर, रस्ता किंवा शाळा सुरू होणे अशा गावाला ठाऊक असलेल्या घटनांचा आधार घ्यावा.
- एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत. 'शिक्षक येतात आणि शिकवतात का?' याला 'नाही' म्हणणाऱ्याला नेमके काय म्हणायचे आहे, ते कळत नाही.
- भाषा आधी ठरवा. प्रश्न मराठीत लिहून गावात गेल्यावर तोंडी माडिया किंवा तेलुगू करणे धोक्याचे. प्रत्येक घरी प्रश्न बदलत जातो. एकाने भाषांतर करावे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा मराठीत आणावे आणि दोन्ही ताडून पाहावेत. दुभाषा लागलाच तर तो सरपंच, शिक्षक किंवा त्याच घरातील व्यक्ती नसावा.
- पाच घरी सराव करा. अडखळणारे प्रश्न बदलावेत. ही पाच घरे अंतिम संख्येत धरू नयेत.

काही उत्तरे लाजेने किंवा भीतीने बदलतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. दारूविषयी खरे उत्तर देणारा माणूस प्रसंगी स्वतःचा गुन्हा सांगत असतो. मोहफुलाची दारू काही समाजांत विधीचाही भाग असते. अशा प्रश्नांची उत्तरे एकांतात, नाव-गाव न लिहिता घ्यावीत. ते शक्य नसेल तर प्रश्नच गाळावा. मासिक पाळी आणि कुर्माघर (पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी वेगळे राहण्याची झोपडी) यांविषयीच्या मुलाखती विद्यार्थिनींनीच घ्याव्यात, तेही बोलायला राजी असलेल्या स्त्रियांशीच.

आपलेच गाव निवडणाऱ्याला भाषा आणि ओळख यांचा फायदा मिळतो. तरीही नात्यातल्या घरांच्या मुलाखती सोबत्याला घ्यायला सांगाव्यात. भाच्याला किंवा पुतण्याला घरातले कर्ज सांगताना माणूस हातचे राखून बोलतो.

६. परवानगी आणि संमती

परवानगी संस्थेची किंवा गावाची असते, संमती त्या व्यक्तीची. एक मिळाली म्हणून दुसरी गृहीत धरता येत नाही.

- महाविद्यालय: प्राचार्यांच्या सहीचे पत्र, त्यात विषय, गाव, कालावधी आणि मार्गदर्शकाचे नाव असावे.
- गाव: अहेरी तालुका पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येतो. तेथे पेसा कायदा १९९६ आणि राज्याचे २०१४ चे नियम ग्रामसभेला महत्त्वाचे स्थान देतात. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामसभेत किंवा निदान सरपंच आणि गावपाटील, भूमिया या पारंपरिक प्रमुखांसमोर विषय सांगावा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने तर अभ्यासगटांत चर्चा करून निर्णय घेण्याची स्वतःचीच परंपरा उभी केली आहे. अशा गावात विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याआधी प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.
- शाळा: मुख्याध्यापकांची परवानगी. शासकीय आश्रमशाळा असेल तर अहेरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचीही.
- १८ वर्षांखालील मुले: पालकांची संमती आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार. पालक 'हो' म्हणाले आणि मूल 'नाही' म्हणाले, तर उत्तर 'नाही' समजावे.

संमतीपत्र अर्ध्या पानाचे, सोप्या भाषेतले असावे. वाचता न येणाऱ्यास ते मोठ्याने वाचून दाखवावे. अनेकांना कोऱ्या-भरल्या कागदावर अंगठा देण्याची भीती असते आणि ती निराधार नाही. तोंडी होकार आणि एका साक्षीदाराची सही, ही सोय मार्गदर्शकाच्या संमतीने ठेवावी.

उत्तर देणाऱ्याचे हक्क पहिल्याच भेटीत सांगावेत:

- भाग न घेण्याचा किंवा मध्येच थांबण्याचा. कारण द्यावे लागत नाही.
- एखादा प्रश्न सोडण्याचा.
- आवाज किंवा फोटो घेऊ न देण्याचा.
- अहवालात नाव न येण्याचा. लहान गावात 'एक विधवा अंगणवाडी सेविका' एवढ्यानेही ओळख पटते. तपशील त्याप्रमाणे झाकावेत.
- निष्कर्ष कळण्याचा.

योजना मिळवून देण्याचे आश्वासन कधीही देऊ नये. हातात कागद असलेल्या पाहुण्याकडून लोक घरकुलाची अपेक्षा करतात; 'हे कॉलेजचे काम आहे, यातून लाभ मिळणार नाही' असे आरंभीच सांगावे.

वनौषधींविषयीचा प्रकल्प असेल तर आणखी एक पथ्य आहे. जैवविविधता कायदा २००२ लोकांच्या पारंपरिक ज्ञानाचे मोल मान्य करतो. कोणती वनस्पती कुठे मिळते आणि औषध कसे बनते, हा तपशील जाणकाराने आणि ग्रामसभेने होकार दिल्याशिवाय छापू नये.

७. माहितीवरून निष्कर्षाकडे

प्रश्नावल्या त्याच संध्याकाळी तपासाव्यात. उशीर झाला की अर्धवट शब्दांचा अर्थ लागत नाही. पुढचे काम असे:

- प्रत्येक प्रश्नावलीला क्रमांक द्यावा. नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवावी आणि अहवाल मंजूर झाल्यावर नष्ट करावी.
- संगणकावरील तक्त्यात 'नाही' आणि 'उत्तर दिले नाही' यांचे रकाने वेगळे ठेवावेत.
- संख्या लहान असेल तर टक्केवारी टाळावी. '१२ पैकी ४' हे '३३.३३ टक्के' यापेक्षा प्रामाणिक आहे.
- मुलाखती दोनदा वाचून समासात मुद्दे लिहावेत, सारखे मुद्दे एकत्र करावेत आणि त्यांच्या विरोधात जाणारी मुलाखतही नोंदवावी.
- दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे म्हणू नये. रस्त्यालगतच्या टोल्यातील मुले शाळेत जास्त येत असतील, तर कारण रस्ता असेल, पालकांची नोकरी असेल किंवा शाळेचे अंतर असेल.
- एका गावावरून 'आदिवासी समाज' असे वाक्य लिहू नये. माडिया, राजगोंड आणि इतर समाजांत फरक आहेत; गावागावांतही आहेत.

८. अहवाल

बहुतेक ठिकाणी हा क्रम चालतो: प्रश्न व त्याचे महत्त्व, आधी काय माहीत होते, गाव व पद्धत, निष्कर्ष, मर्यादा, समारोप, शेवटी प्रश्नावली. किती घरे बंद होती, किती जणांनी नकार दिला, कोणता प्रश्न फसला, हे 'मर्यादा' या भागात स्पष्ट लिहावे. त्यामुळे गुण कमी होण्याचे कारण नाही. परीक्षकाला काम खरे असल्याचे त्यातूनच दिसते.

टाळायच्या गोष्टी:

- तयार अहवाल: झेरॉक्सच्या दुकानांत मागील वर्षांचे प्रकल्प विकत मिळतात. तोंडी परीक्षेत 'त्या गावात किती टोले आहेत?' एवढ्या प्रश्नावर ते उघडे पडतात.
- घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्या: त्यांतील उत्तरे संशयास्पद एकसारखी असतात. ५० खोट्या प्रश्नावल्यांपेक्षा १५ खऱ्या चांगल्या.
- उचलेगिरी: अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार शोधप्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; त्यापुढे दुरुस्तीपासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत शिक्षा आहे. वर्गातील प्रकल्प अहवाल त्या विनियमांच्या व्याख्येत येत नाहीत, पण महाविद्यालय स्वतःचे नियम लावू शकते. दुसऱ्याचे वाक्य अवतरणात आणि नावासह द्यावे. संगणकीय साधनाकडून मजकूर लिहून घेतला असेल तर तेही मार्गदर्शकाला सांगावे.
- पैसे घेऊन छापणारी नियतकालिके: 'दोन दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र' असे संदेश येतात. पदवीच्या प्रकल्पासाठी प्रकाशनाची गरज नसते. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे 'केअर यादीत आहोत' या दाव्यावर विसंबू नये.

९. विद्यार्थ्याचे हक्क

- मार्गदर्शकाने ठरलेल्या वेळी भेटणे आणि मसुदा वाचून सूचना देणे अपेक्षित आहे. भेटींची तारीखवार नोंद ठेवावी.
- प्रकल्पावरून पुढे लेख झाला, तर काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लेखकांत असले पाहिजे. ही बोलणी सुरुवातीलाच व्हावीत.
- क्षेत्रभेटीत लैंगिक छळाचा प्रकार घडला तरी महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे दाद मागता येते. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत क्षेत्रभेटी आणि अभ्याससहलींची ठिकाणेही 'परिसर' या व्याख्येत धरली आहेत.
- मूल्यमापन किंवा इतर बाबींत अन्याय झाल्यास २०२३ च्या विनियमांखाली विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करता येतो. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते.
- दोघांनी मिळून जाणे, घरी आणि मार्गदर्शकाला गावाचे नाव सांगणे, शेवटच्या एस.टी.ची वेळ पाहून निघणे हे नियम समजून पाळावेत. नेटवर्क नसलेल्या गावात मुक्काम ठरवला असेल, तर परतीचा दिवस आधीच कळवावा.

१०. एका सत्राचे वेळापत्रक

- पहिला-दुसरा आठवडा: प्रश्न, चौकट, मार्गदर्शकाची संमती, माहिती अधिकाराचा अर्ज.
- तिसरा-चौथा: उपलब्ध आकडे, प्रश्नावली, भाषांतर, महाविद्यालयाचे पत्र.
- पाचवा: गावाला पहिली भेट, ग्रामसभेला माहिती, घरांची यादी, सराव.
- सहावा ते नववा: प्रत्यक्ष क्षेत्रकार्य.
- दहावा-अकरावा: तक्ते, मुलाखतींचे वर्गीकरण.
- बारावा-तेरावा: मसुदा, मार्गदर्शकाच्या सूचना, दुरुस्ती.
- चौदावा: अहवाल सादर आणि गावाला शेवटची भेट.

ही शेवटची भेट वेळापत्रकातून सर्वांत आधी गळते. ज्यांनी वेळ दिला, त्यांना काय निष्पन्न झाले ते त्यांच्या भाषेत अर्ध्या तासात सांगावे. आकडा चुकला असेल तर तो तिथेच दुरुस्त होतो. एका पानाचा सोपा सारांश ग्रामपंचायतीत किंवा शाळेत द्यावा आणि मूळ अहवालाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच घरी जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत.